होम-दोन

गावातल्या दवाखान्याला येणाऱ्या मेल परत जात होत्या, कारण आमच्या सर्व्हरवर त्यांच्या खात्याला जागा उरली नव्हती. रेजायना शहरातून पाठवलेले रुग्णांचे अहवाल डॉक्टरांपर्यंत पोहोचत नव्हते. म्हणून मी नवी डिस्क बसवली, ती पूर्ण रिकामी असल्याची खात्री केली आणि प्रथेप्रमाणे तिला ‘होम-दोन’ हे नाव दिले. दवाखान्याचे खाते हलवण्याआधीच ती निम्मी भरलेली दिसली.

माझे डोके फिरले. नवी खाती सर्वांत मोकळ्या डिस्कवर आपोआप टाकण्याची सोय आमच्याकडे आहे. ती आधी बंद करावी लागते, आणि ते काम माझी सहकारी मार्लिस हिचे.

“मार्लिस, पुन्हा विसरलीस ना? कुणाकुणाला घुसवलंस तिच्यात?”

“ओरडू नकोस, लॉर्न. इकडे येऊन बघ. सोय बंदच आहे. एक खातं नाही तिच्यावर.”

“मग काय हवा भरतेय?”

मी पाहिले. डिस्कवर एकही फाइल नव्हती, आणि भरलेल्या जागेचा आकडा वाढत होता.

दवाखान्याचा फोन पुन्हा वाजू लागला. संतापून मी डिस्क खेचून बाहेर काढली.

“आता भर म्हणावं तिला!”

मार्लिसने पडद्यावरून नजर हटवली नाही. “लॉर्न,” ती हळूच म्हणाली, “भरतेच आहे रे.”

बाहेर काढलेली डिस्क भरू शकत नाही. तिला हे सुनावायला मी तोंड उघडले. रिकाम्या आणि भरलेल्या डिस्कच्या वजनातही फरक नसतो. पण हातातली डिस्क पेलण्यासाठी मला दुसरा हातही लावावा लागला.