टाकीखालच्या भिंती

"बाई, नगरपालिकेच्या नव्या इमारतीत बायकांची मुतारी कशाला? बायका येतात कुठे इथं?" अध्यक्ष नानासाहेबांनी नकाशावर लाल पेन्सिल टेकवली.

"सोय नाही म्हणून येत नाहीत," कुमुदिनी म्हणाली. गावातली ती पहिलीच बाई आर्किटेक्ट. कामावर निघताना ती पाण्याचा घोटही घेत नसे. तरी सकाळपासून लघवी दाबून आता तिला खुर्चीत बसवत नव्हतं. तिनं याआधी आखलेल्या दोन्ही इमारतींतून ही खोली अशाच पेन्सिलीनं गेली होती.

"काढून टाका."

"काढते. पण तिच्याच भिंतींवर गच्चीवरची पाण्याची टाकी उभी राहणार आहे."

"मग टाकी सरकवा!"

"सरकवते की. तेवढा भार पेलणाऱ्या भिंती आणखी एकाच खोलीला आहेत." तिनं नकाशा त्यांच्यासमोर फिरवला. "तुमच्या."

नानासाहेबांनी वर छताकडे पाहिलं आणि पेन्सिल ठेवून सहीसाठी पेन मागितलं.