आधी तुमी हुंगा

लेकाचा पाय सडत चालला म्हणून धोंडीबाईनं त्याला वैशाखऱ्याहून बैलगाडीनं मुरबाडच्या डॉक्टरकडे आणलं, पण तिचा डॉक्टरवर काडीचाही भरवसा नव्हता. लढाई लागली त्या साली याच टेबलावर क्लोरोफॉर्म हुंगून झोपलेला तिचा नवरा उठलाच नव्हता. डॉक्टरांनी लेकाच्या नाकावर फडकं धरून बाटली उघडताच तिनं त्यांचं मनगट पकडलं. "आधी तुमी हुंगा." डॉक्टरांनी निमूट हुंगलं आणि विचारलं, "आता तू खरं सांग. याच्या पोटात अन्न नाही ना? गुंगीत ते उलटून श्वासनळीत गेलं, तर माणूस गुदमरतो." "नाय. उपाशीच हाय." बोलताच तिला नवरा आठवला. गावाबाहेर पडणाऱ्याला उपाशी धाडायचं नाही, या रीतीनं तिनंच त्यालाही वेशीवर भरवलं होतं. फडक्यावर पहिला थेंब पडणार, इतक्यात तिनं पदराची गाठ सोडली. आत अर्धीच भाकर उरली होती.