काळी टिकली

“ताई, तुम्ही चहा घ्या. गाडीतलं पुरुषांना बघू द्या,” जुनी पिकअप माझ्या भावाच्या गळ्यात मारायला निघालेले दबडेशेठ म्हणाले. मी वीस वर्षं गाड्यांची वायरिंग करतेय, हे त्यांना सांगितलं नाही. सरळ गाडी सुरू केली.

डॅशबोर्डवर काळी टिकली चिकटवलेली होती.

“हात लावू नका! दृष्ट लागू नये म्हणून बायकोनं लावलीय.”

मी नखानं उचकटली. खाली इंजिनात बिघाड असल्याचा पिवळा दिवा जळत होता.

“अहो, त्या दिव्यासाठीच तर ऑक्सिजन सेन्सर कालच नवा टाकलाय!”

मी गाडीखाली शिरले. सेन्सर नवाच होता, पण त्याची वायर सायलेन्सरला टेकून वितळली होती. दिवा विझेना, म्हणून शेठनी झाकला होता.

बाहेर येऊन नखावरची टिकली मी त्यांच्या कपाळावर दाबली.

“घ्या. आता तुमचाही बिघाड कुणाला दिसायचा नाही.”