रत्नम्माचं येणं-जाणं
"कला माणसाला अमर करते," असं जाहीर करून गुरप्पांनी स्वतःच्याच लुंगीवर फेविकॉल सांडला. लेकीनं शिकवल्याप्रमाणे त्यांनी रत्नम्माच्या फोटोची झेरॉक्स जुन्या चादरीचे तुकडे डकवलेल्या फळीवर पालथी चिकटवली, वाळल्यावर भिजवली आणि कागद बोटानं चोळून काढला. दोन वर्षांपूर्वी वारलेली बायको शाईतून उमटली आणि थेट त्यांच्याकडे बघू लागली. गुरप्पांनी लुंगीवरचा डाग घाईनं झाकला. फळी वाळली, तशी रत्नम्मा उरलेल्या कागदाच्या पांढऱ्या धुक्यात विरली. ओलं बोट फिरवताच परत आली. वाळताच पुन्हा गेली. "अप्पा, सारखं चोळू नका, चेहरा पार निघून जाईल की!" लेक ओरडली. "वार्निश मारते, मग अव्वा कायमची दिसेल." गुरप्पा पुटपुटले, "तुझी अव्वा रुसून अक्कलकोटला माहेरी जायची, तवा मी एकदाबी आणायला गेलो न्हाय. वार्निश राहू दे. तेवढं तांब्याभर पाणी आण."