नापास काडी

तपासनीसांनी कुंडीतली काडी उपटली आणि उलटी धरून पाहिली. मूळ नाही. चष्मा कपाळावर चढवून पुन्हा पाहिली. तरीही नाही. मग ती परत मातीत खोचून त्यांनी पुढचीला हात घातला.

उभी नोकरी शाळा तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर तपासायला उरल्या त्या कुंपणाच्या जास्वंदीच्या काड्या. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी गाडी मागे घेताना कुंपणाला खिंडार पाडलं, त्याच दिवशी तपासनीसांनी जाहीर केलं होतं, "विकतची रोपं आणायची नाहीत. मी माझ्या हातानं वाढवीन." आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेलं तपासलं; एकदा तरी स्वतः काही करून दाखवायचं होतं. तेव्हापासून रोज चहाच्या आधी ते सगळ्या काड्या उपटून त्यांची प्रगती पाहत.

"अहो!" मागच्या दारातून बायको ओरडली. "परत?"

"नुसतं बघतोय."

"तुम्हाला घटकेघटकेला हलवून विचारलं, झोप लागली का हो, तर लागेल?"

तपासनीसांनी विचार केला. प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता.

तेवढ्यात खिंडारातून डॉक्टरांचं डोकं आत आलं. "उपटतो मीही. पण किडलेलं तेवढंच."

"तुम्ही आधी गाडीच्या आरशात बघायला शिका."

"पुरे झालं," बायको म्हणाली. "रोपवाला दुपारी तयार रोपं घेऊन येतोय. कुंड्या रिकाम्या करा."

तपासनीस कुंड्यांपाशी वाकले. एकेक काडी काढून बादलीत टाकत गेले. सगळ्या कशा विनातक्रार निघाल्या. रोजची सवय होती त्यांना.

शेवटी राहिली कोपऱ्यातली मिरचीची कुंडी. तिच्यातही जास्वंदीची एक काडी होती. वाकडी म्हणून पहिल्याच दिवशी तपासनीसांनी तिला नापास केलं होतं आणि बायकोनं ती उचलून कललेल्या मिरचीला टेकू म्हणून खोचली होती. त्यानंतर तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

त्यांनी ती धरून ओढली. काडी आली नाही.

पुन्हा ओढली, या खेपेला जरा बिचकत. आतून मातीनं घट्ट धरून ठेवलं होतं. आणि शेंड्यापाशी, मिरचीच्या गर्दीत, दोन कोवळी पानं होती. कातरलेल्या कडांची. मिरचीची खासच नव्हेत.

"अगं," तपासनीस ओरडले. "अगं, ही येत नाहीये!"

बायको आली, वाकली, आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"त्या रोपवाल्याला नको म्हणून कळव," तपासनीस म्हणाले.

"एका काडीनं खिंडार बुजणार होय?"

"बाकीच्या नव्यानं लावू. या वेळी सगळ्यांना आधीच नापास करू."

आरडाओरडा ऐकून डॉक्टर खिंडारातून अख्खेच्या अख्खे आत आले. "लागली की काय? बघू बघू, मूळ केवढं आलंय," म्हणत त्यांनी काडीकडे हात नेला.

तपासनीस दोन्ही हात पसरून कुंडीच्या आडवे उभे राहिले.

"हात मागे!" ते दबक्या आवाजात म्हणाले. "आत्ता कुठं झोप लागलीय तिला."