सुईसारखी धार

दौलतसिंगानं अकोल्याहून पितळी पंप आणला. तो पाण्याच्या बादलीत उभा करायचा, एकानं दांडा हाणायचा, दुसऱ्यानं नळी धरायची. दुकानदारानं दोन दाखवले होते. एकाची धार झारीसारखी, दुसऱ्याची सुईसारखी. दौलतसिंगानं सुईवाला उचलला.

मानोरा गावाजवळच्या त्याच्या तांड्यात असली चीज पहिल्यांदाच आलेली. अंगणात ही गर्दी!

"समोर कोनी उभं राहू नका, डोये जातीन!" त्यानं सगळ्यांना मागं सारलं. बायको हिरीबाई दांडा हाणू लागली. सर्रकन धार सुटली आणि दारातली शेवाळलेली पायरी बघता बघता लख्ख झाली. लोकांनी टाळ्या पिटल्या. दौलतसिंगाला चेव आला. त्यानं धार घराकडे वळवली.

"अवो, मातीची भित हाय! दुरून धरा!" हिरीबाईनं ओरडत दांडा सोडला, पण तोवर चुलीमागच्या भिंतीचं ढेकूळ निसटलं आणि ताटाएवढं भोक पडलं.

हिरीबाई तडक आत गेली. आता ही घर डोक्यावर घेणार, असं दौलतसिंगाला वाटलं.

"उद्याच बुजवतो वं," तो पडल्या आवाजात म्हणाला.

भोकातून तिचा चेहरा दिसला. डोळे नुसते चमकत होते.

"बुजवता कायले? अठरा वर्सं या चुलीपाशी धूर खाऊन राह्यली. आज पह्यल्यांदा मले इथून रस्ता दिसून राह्यला. पंपात जोर उरला असन, तं अजून हातभर मोठं करा!"