चोवीस थर्मोस्टॅट

“लुकलुकतोय का?” राडेक दुसऱ्या मजल्यावरून ओरडला.

“नाही!” तळमजल्यावरून झेनॉनकाकांचा आवाज आला. “मख्खासारखा बघतोय नुसता!”

“बटण दाबून धरा काका! कुरवाळू नका त्याला!”

सर्व्हर राडेकच्या फ्रिजवर होता. त्याचं बटण दाबलं की तो बरोबर एक मिनिट नव्या थर्मोस्टॅटची वाट बघायचा. त्या मिनिटात खाली रेडिएटरवरच्या थर्मोस्टॅटचंही बटण दाबलं, तर दोघांची गाठ पडायची. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

“लुकलुकला! लुकलुकला रे!”

जिन्यात टाळ्या वाजल्या. हा चोविसावा. आठ घरं, घरटी तीन रेडिएटर, आणि सगळे आता राडेकच्या फ्रिजचं ऐकणार होते.

इमारतीत घरं मात्र नऊ होती. तीन मजले, मजल्यावर तीन घरं. पहिल्या मजल्यावरचं मधलं घर गेनोवेफा आजीचं, आणि आजी दारातूनच परतवायची.

“आजी, एकच लावतो. वायरसुद्धा नाही.”

“माझे रेडिएटर माझं ऐकतात,” आजी म्हणाली. “पस्तीस वर्षं ऐकताहेत. तुझ्या त्या डबीच्या आधी या इमारतीत कोणी कुडकुडत होतं का?”

“तसं नाही, पण...”

“मग झालं तर. खसखशीचा रोल खातोस?”

पोलंडमधल्या बियाविस्तोकच्या जानेवारीत आजी बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये वावरायची. तिच्या खिडकीत टोमॅटो पिकायचे. म्हातारीचं डोकं फिरलंय यावर आठही घरांचं एकमत होतं, आणि या इमारतीत एकमत सहसा होत नसे.

राडेकने नाद सोडला. त्याला तेवढा वेळच नव्हता. दोन आठवड्यांनंतरच्या गुरुवारी सोसायटीचे अध्यक्ष कोझूब इमारत बघायला येणार होते. पसंत पडली तर सोसायटीच्या चाळीस इमारतींचं काम आणि कायमची नोकरी. नाही पडली, तर नॉर्वेला मावसभावाबरोबर मासे साफ करायचे. आईने बॅगेत लोणच्याच्या काकड्यांच्या तीन बरण्या भरूनही ठेवल्या होत्या. तिचा मुलावर विश्वास होता, पण ती नियोजन करणारी बाई होती.

पहिल्या आठवड्यात राडेकच्या फोनच्या पडद्यावर रेडिएटरमध्ये गरम पाणी सोडणाऱ्या झडपा वीस टक्के, तीस टक्के उघड्या दिसत. मग त्या एकेक करून मिटत गेल्या. दुसऱ्या आठवड्यात चोवीसच्या चोवीस शून्यावर आल्या. आणि घरं? एकवीस अंश. प्रत्येक घर. राडेकने सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. शून्य आणि एकवीस. मग त्याच्या लक्षात आलं की सर्व्हर शिकलाय. त्या दिवसापासून तो जिना ऐटीत, कठड्याला हात न लावता उतरू लागला.

त्या गुरुवारी दुपारी बाहेर उणे चौदा होतं. अध्यक्ष कोझूब ओव्हरकोट घालून आले आणि आठही घरांत स्वतःचा थर्मामीटर धरून उभे राहिले. एकवीस. एकवीस. झेनॉनकाकांनी छाती पुढे काढून आपला थर्मोस्टॅट असा दाखवला, जणू नातूच.

“बटण मीच दाबलं, अध्यक्षसाहेब. हा वरून नुसता ओरडत होता.”

कोझूबनी राडेकचा पडदा दोनदा वाचला.

“शून्य टक्के? म्हणजे गरम पाणी घेतच नाही?”

“जवळजवळ नाहीच, अध्यक्षसाहेब.”

“मग घर तापतं कशाने?”

“नियोजनाने,” राडेक म्हणाला.

जिन्यात जमलेल्या शेजाऱ्यांची मान ताठ झाली. राडेकच्या आईने डोळे पुसले.

“बत्तीस वर्षं या धंद्यात आहे,” कोझूब म्हणाले, “असं पाहिलं नाही. पण घरं नऊ आहेत ना? नववं दाखव. शंभर टक्के काम नसेल, तर मी सही करत नाही.”

राडेकच्या डोळ्यांसमोरून मासे गेले. खिशात एक जास्तीचा थर्मोस्टॅट घेऊन त्याने आजीची बेल वाजवली.

“आजी, पाच मिनिटांपुरता. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे.”

आजीने त्याच्याकडे पाहिलं. मग अध्यक्षांकडे. “पाचच मिनिटं,” ती म्हणाली. “आणि ओव्हरकोट काढा हो तुम्ही, नाहीतर चक्कर येईल.”

कोझूबनी ओव्हरकोट काढला. मग कोट. मग टाय सैल केला आणि खसखशीच्या रोलचा दुसरा काप घेतला. राडेक बैठकीतल्या रेडिएटरपाशी बसला. त्याला पाणी सोडायची जुनी चावी होती, शेवटपर्यंत उघडलेली, आणि तिच्यावर रंगाचे इतके थर होते की ती फिरवायची वस्तू आहे हे तिलाच आठवत नसावं. राडेकने पक्कड लावून ती उपटली आणि थर्मोस्टॅट बसवला. वरून आईने सर्व्हरचं बटण दाबलं. पहिल्या फटक्यात गाठ पडली.

फोनवर नवी ओळ आली. गेनोवेफा, बैठक. झडप शंभर टक्के. छत्तीस अंश.

राडेकने डावीकडच्या, शेजारच्या घराला लागून असलेल्या भिंतीला हात लावला; ती तापलेली होती. मग उजवीकडच्या. मग चपला काढून फरशीवर उभा राहिला. मग बराच वेळ छताकडे बघत राहिला.

“झाली का पाच मिनिटं?” आजीने विचारलं. “मग काढ ते, आणि माझी चावी होती तशी लाव.”

राडेकने थर्मोस्टॅट काढला. चावी होती तशी लावली. शेवटपर्यंत उघडी.

“नववं घरही जोडलं गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलं,” कोझूब रुमालाने मान पुसत म्हणाले. त्यांनी सही केली आणि कोरा कागद पुढे सरकवला. “सोमवारपासून कामावर ये. हीच व्यवस्था, अगदी अशीच, मला चाळीसही इमारतींत हवी. काय काय लागेल ते लिहून दे.”

राडेकने पेन घेतलं, क्षणभर आजीकडे पाहिलं, आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं:

थर्मोस्टॅट – ९६०.

सर्व्हर – ४०.

आजी – ४०.